ताईची अकरा रिळं

१

माझं काम काय ते सांगायला लागलो की लोक घड्याळाकडे बघायला लागतात, म्हणून थोडक्यात सांगतो. गाण्यांच्या एका जुन्या कंपनीच्या तळघरात मी छत्तीस वर्षं टेपची रिळं सांभाळली. शेवटच्या वर्षी ती सगळी रिळं कॉम्प्युटरवर चढवायचं काम माझ्या गळ्यात पडलं. रीळ यंत्रावर लावायचं, हेडफोन घालायचा, बटण दाबायचं आणि गाणं संपेपर्यंत खुर्चीत बसून राहायचं. दुपारी डबा खायचा, पुन्हा बसायचं. चार हजारांवर रिळं होती.

काम नीट करायचं तर फाइल मोठी होते. एके दिवशी धाकटे मालक तळघरात उतरले. वडील गेल्यापासून कंपनी तेच बघायचे. माणूस वाईट नव्हता, फक्त कायम घाईत असायचा.

"काका, एवढ्या मोठ्या फाइली ठेवायच्या कुठं? आणि ऐकणार कोण? लोक फोनवर ऐकतात, रस्त्याने चालता चालता. दहावा हिस्सा करून टाका. कोणाला कळणारे?"

"कोणालाच नाही," मी म्हणालो.

हे मीच म्हणालो. कोणी माझा हात पिरगळला नव्हता. छोटी फाइल झटपट व्हायची आणि मला वेळेवर घरी जायचं होतं, बस.

आता फाइल छोटी कशी होते? दार धाडकन आपटलं आणि त्याच क्षणी शेजारी टाचणी पडली, तर टाचणी ऐकू येत नाही. मोठा आवाज लहान आवाजाला झाकून टाकतो. यंत्र म्हणतं, जे कोणाला ऐकूच येत नाही ते ठेवायचं कशाला? टाचणी टाकून द्या. एका गाण्यात अशा हजारो टाचण्या असतात. त्या गेल्या तरी गाणं जसंच्या तसं वाटतं. मला यात कधी काही वावगं दिसलं नाही. उलट ज्याने हे शोधून काढलं त्याच्या डोक्याचं मला कौतुकच होतं.

२

ताई माझ्याहून चार वर्षांनी मोठी. पंचविशीत असताना ती याच कंपनीसाठी गायली. अकरा रिळं भरली. मग लग्न झालं, नवऱ्याला गाणं खपेना, आणि सगळं तिथंच थांबलं. पुढे तिचा नवरा गेला. माझी बायकोही गेली. मुलगी लग्न होऊन दूर राहायला गेली. गेली बारा वर्षं आम्ही बहीणभाऊ तीन खोल्यांच्या घरात राहतो, एकमेकांवर खेकसतो आणि एकमेकांवाचून जेवत नाही. मी आयुष्यभर काडीपैलवान, पण ताईच्या तोंडी माझं नाव ढब्या.

ताईची रिळं मी मागे ठेवली होती. परक्यांचं काम आधी उरकावं, घरचं काय, सावकाश करू. आमच्या धंद्यातला पहिला नियम असा की आधी पूर्ण आकाराची प्रत करून बाजूला ठेवायची आणि मग तिच्यावरून छोटी करायची. इतरांच्या वेळी मी तो बऱ्यापैकी पाळला. ताईची रिळं हातात घेतली तेव्हा बुधवार होता, आणि शुक्रवारी रद्दीचा ट्रक येऊन तळघर रिकामं होणार होतं. मी थेट छोट्या फाइली केल्या. सगळ्यात छोट्या.

तरी जुन्या सवयीने एक तपासणी केली. रिळावरच्या मूळ आवाजातून छोट्या फाइलचा आवाज वजा करायचा. जे उरतं, ते म्हणजे यंत्राने काय काय टाकलं त्याची फाइल. आम्ही तिला नुसतं 'फरक' म्हणायचो. फरकात ऐकण्यासारखं काही नसतं. खरखर, फसफस, कुठे एखादा ठोका.

ताईच्या फरकात ताई होती.

गाणं त्यात अजिबात नव्हतं. ओठ ओले केल्याचा आवाज होता. आवंढा गिळला. एका पायावरचा भार दुसऱ्या पायावर घेतला. बोटाने मांडीवर ताल धरला. दोन ओळींच्या मध्ये ती हलकंसं हसली, बहुधा समोरच्या वादकाकडे बघून. हे सगळं इतकं जवळून येत होतं की मी हेडफोन काढून मागे वळून पाहिलं. तळघरात मी एकटाच होतो आणि दिवे लखलखीत चालू होते.

तेवढ्यात कॉम्प्युटरने कळवलं की जागा संपली आहे, काहीतरी काढा. फरकाच्या फाइली नेहमीच काढून टाकायच्या असतात. मी काढल्या. अकराच्या अकरा. शुक्रवारी रिळंही गेली.

३

त्या संध्याकाळी मी मोठ्या ऐटीत ताईपुढे फोन धरला. "घे, तुझं आख्खं आयुष्य. खिशात मावतंय."

ताईने चष्मा वर सरकवला आणि डोळे मिटून एक गाणं पूर्ण ऐकलं.

"आवाज माझाच आहे रे," ती म्हणाली. "पण मी तिथं उभी नाहीये."

"म्हणजे काय?"

"मला काय माहीत? तू त्यातला. मला फक्त तसं वाटलं."

"म्हातारी झालीस," मी म्हणालो. तिने माझ्या पाठीत धपाटा घातला आणि भांडी घासायला गेली. नळ सोडल्याचा आवाज आला. मी पेपर वाचत बसलो. थोड्या वेळाने लक्षात आलं की नळ वाहतोय, पण भांडी वाजत नाहीयेत. आणि ताई भांडी घासते म्हणजे शेजाऱ्यांना कळतं. मी उठून बघितलं. ती जोरजोरात घासत होती. पातेलं पातेल्यावर आपटत होती. ऐकू फक्त पाणी येत होतं.

तिने नळ बंद केला आणि हातातली पळी खाली ठेवली. पळी खणकन वाजली.

"काय बघतोस? ये, पुसून ठेव," ताई म्हणाली.

मी मुकाट्याने पुसून ठेवली. मनात म्हटलं, छत्तीस वर्षं हेडफोन घातल्यावर कान जाणारच.

४

मग मी मोजायला लागलो. पंखा चालू असला की ताईच्या चपला वाजत नव्हत्या. खालून मोटर गेली की ताईचं वाक्य मधूनच गळायचं, आणि मोटर गेल्यावर शेवटचे दोन शब्द यायचे. टीव्ही लावला की ती खोलीत आल्याचं कळायचंच नाही. एकदम शेजारी बसलेली दिसायची आणि मी दचकायचो. माझ्या स्वतःच्या चपला पंख्याखाली व्यवस्थित वाजत होत्या. शेजाऱ्यांच्याही. हे मला आवडलं नाही.

कानाच्या डॉक्टरकडे जायचं ठरवलं तर ताई म्हणाली, मीही येते, तू अर्धं सांगशील आणि अर्धं विसरशील. दवाखान्यात बाहेरच्या खोलीत एसी घरघरत होता. आम्ही बाकावर शेजारी शेजारी बसलो. टेबलामागच्या बाईंनी कागद पुढे सरकवला.

"सोबत कोणी आलंय का, काका?"

"ही काय, बहीण आहे."

बाईंनी माझ्या शेजारी पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. मग कागदावर 'एकटे' असं लिहिलं. ताईचे ओठ हलत होते. ती चांगलीच चिडून काहीतरी बोलत होती, हातवारे करून. मला एसी ऐकू येत होता.

डॉक्टरांनी कानात बारीक बारीक शिट्ट्या वाजवून तासभर तपासलं. "काका, या वयाला असे कान मी बघितले नाहीत. झकास आहेत. जा घरी."

आनंद व्हायला हवा होता. कान गेले असते तर बरं झालं असतं, असं मला पहिल्यांदा वाटलं.

रस्त्यात ताई फार गप्प होती. की नव्हती, कोण जाणे, रहदारी पुष्कळ होती. घरी आल्यावर दार लावलं तेव्हा तिचा आवाज आला. "...आजकाल कोणी माझ्याकडे बघतच नाही रे. दुकानात उभी राहते, तो मागच्याला विचारतो. म्हातारपणी होतं का असं?"

"होतं," मी म्हणालो.

५

रविवारी मुलीचा फोन यायचा. तिची आत्यावर माझ्यापेक्षा जास्त माया. इकडचं तिकडचं बोलून झालं की म्हणायची, बाबा, आत्याला द्या.

मी फोन ताईला दिला आणि शेजारीच बसलो. पंखा मी आता लावतच नव्हतो. ताई भरभरून बोलली. गुडघ्याचं सांगितलं, माझ्या तक्रारी केल्या, तू कधी येतेस म्हणून विचारलं. प्रत्येक शब्द मी माझ्या या कानांनी ऐकला. मग ती थांबली, फोनकडे बघितलं आणि माझ्या हातात दिला. "तीच बोलतेय सारखी. माझं ऐकूनच घेत नाही."

मी फोन कानाला लावला.

"हॅलो? हॅलो, बाबा? दोन मिनिटं झाली, कोणी बोलतच नाहीये. आत्या कुठंय?"

"अगं, इथंच आहे. आत्ता बोलली की तुझ्याशी."

तिने अगदी जपून विचारलं, "बाबा, तुम्ही जेवताय ना वेळेवर?"

ताई माझ्याकडे बघत होती. मी हसून तिला म्हणालो, "लाइन खराब आहे." आयुष्यात इतकं खोटं हसलो नाही मी.

६

सोमवारी सकाळी मी कंपनीत गेलो. रद्दीवाल्याचा पत्ता काढला, त्याच्याकडे गेलो. तो म्हणाला, काका, ती टेप वितळवून महिना झाला. परत आलो आणि कॉम्प्युटर उघडला. काढून टाकलेली फाइल कधी कधी परत मिळते, पण तिच्या जागेवर दुसरं काही लिहिलं गेलं नसेल तरच. त्या जागेवर मी स्वतः, बाजूला ठेवलेल्या पूर्ण प्रतींवरून, सहाशे गाणी चढवली होती. छोटी छोटी, झटपट. डोकं भिंतीवर आपटून घ्यावंसं वाटलं.

मग ठरवलं, जुनी गेली तर नवी भरू. ताई तर आहे ना अजून. धाकट्या मालकांच्या पाया पडायचंच बाकी ठेवलं आणि वरचा स्टुडिओ दुपारपुरता मागून घेतला. चारही बाजूंनी जाड गाद्या मारलेली खोली, बाहेरचं काही म्हणजे काही आत येत नाही. ताईला खुर्चीत बसवलं. सगळ्यात चांगला माइक लावला. आकार सगळ्यात मोठा ठेवला, काही टाकायचं नाही, टाचणीसुद्धा नाही.

"ताई, कर सुरू."

"काय गाऊ? घसा कुठे राहिलाय आता?"

"काहीही गा. नुसती बोल. पण थांबू नकोस."

ती गायली. आवाज चिरकत होता, वरच्या पट्टीत पोचत नव्हता, आणि त्या खोलीत तो मला इतका स्वच्छ ऐकू आला की माझे डोळे भरून आले. गाणं संपल्यावर मी न राहवून "वा" म्हणालो. ती लाजली. सत्तरीला आलेली बाई, पण लाजली.

तिला बाहेर बसवून मी ऐकायला घेतलं. आधी माझा आवाज आला, "ताई, कर सुरू." मग थोडी शांतता. "काहीही गा. नुसती बोल. पण थांबू नकोस." मग चार मिनिटं माझ्या खुर्चीची कुरकुर आणि माझं नाक ओढणं. आणि शेवटी, भल्यामोठ्या फाइलीत, एकटं माझं "वा".

"आलं का नीट?" ताईने बाहेरून विचारलं.

"झकास आलंय."

"ऐकव की मग."

"घरी गेल्यावर," मी म्हणालो, आणि तारा गुंडाळत बसलो, तोंड वर करायला लागू नये म्हणून.

७

मी कामावर जायचं सोडलं. घरातले आवाज एकेक करून काढायला लागलो. पंखा आधीच बंद होता. भिंतीवरच्या घड्याळाची बॅटरी काढली. खिडक्यांना जुन्या रजया ठोकल्या. नळाखाली फडकं बांधलं. दारावरची घंटा तोडली. ताई म्हणत होती, डोकं फिरलंय तुझं. मला ते स्वच्छ ऐकू येत होतं, म्हणून बरं वाटत होतं.

फ्रिज तेवढा ठेवला होता. दूध नासेल म्हणून ताई ऐकेना.

एका दुपारी ती माझ्यासमोर खुर्चीत बसून माझ्या सदऱ्याला बटण लावत होती. शेजारणीचं काहीतरी सांगत होती. स्वयंपाकघरात फ्रिज घुर्र करून सुरू झाला.

खुर्ची रिकामी होती.

हळूहळू दिसेनाशी झाली वगैरे काही नाही. ती नव्हतीच. सदरा नव्हता, सुई नव्हती. खुर्चीच्या गादीवर कोणी बसल्याचा खड्डासुद्धा नव्हता. मी जागचा हललो नाही. डोकं हिशेब लावत होतं की हा डोळ्यांचा दोष असणार, उद्या डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाऊ. फ्रिज नऊ मिनिटं चालला. मग थडथडून बंद पडला.

"...आणि वर मलाच म्हणते, आजी, तुम्ही मध्ये बोलू नका," ताई म्हणाली. तिने दोरा दाताने तोडला. मग मान वर करून माझ्याकडे जरा विचित्र नजरेने पाहिलं.

"ढब्या, एक विचारू? तू मधेच असा कुठं जातोस रे?"

"मी? मी इथंच आहे."

"नाही. मी बोलत असते आणि तू नसतोस. मला भीती वाटते रे एकटीला."

मी उठलो, स्वयंपाकघरात गेलो आणि फ्रिजची वायर भिंतीतून उपटून काढली. दूध नासलं तर नासलं.

८

आता घरात काहीच वाजत नव्हतं. मी मेन स्विचही खाली ओढला होता. रजयांच्या फटींतून दुपारचं ऊन येत होतं, तेवढ्या उजेडात आम्ही समोरासमोर बसलो. मी तिला सांगितलं होतं की आज कुठेही जाणार नाही.

तरी ती जात होती. होती, नव्हती. होती, नव्हती. अगदी एका लयीत, आणि दर वेळी मला शब्दांचे तुकडे मिळत होते. "अरे..." मग रिकामी खुर्ची. "...पुन्हा..." मग रिकामी खुर्ची. मी घरभर कान लावला. नळ नाही, घड्याळ नाही, रस्ता नाही, शेजार नाही. भीतीने मला धाप लागली, तशी ती जास्तच भरभर जायला लागली, आणि तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. घरात एक आवाज उरला होता. तो माझ्या नाकातून येत होता.

मी तोंड मिटलं, नाक चिमटीत धरलं.

ताई समोर होती. सलग, आख्खी, कपाळावरच्या आठ्यांसकट. डोळे पुसत होती.

"आलास?" ती म्हणाली. "किती हाका मारल्या. बोल ना काहीतरी."

मी मान हलवली. बोलणं शक्यच नव्हतं. मला तिला सांगायचं होतं की चूक माझी आहे, तुझं काम मी सगळ्यांच्या शेवटी ठेवलं, आणि तेही घाईत उरकलं. ती काय समजायचं ते समजली असेल. खुर्ची पुढे ओढून ती माझ्या गुडघ्याला गुडघा लावून बसली. खुर्चीचे पाय फरशीवर करकरले. किती सुंदर आवाज होता तो.

"असा का बसलायस नाक धरून? सोड."

मी नाही म्हणून मान हलवली. छातीत जाळ झाला होता. कानांत ठोके पडायला लागले आणि प्रत्येक ठोक्याला तिचा चेहरा जरासा पुसट होऊन परत येत होता. मी तिच्याकडे बघत राहिलो. जितकी बघता येईल तितकी बघून घेत होतो.

"ढब्या, ओठ काळेनिळे पडलेत तुझे! वेडा झालास का? श्वास घे!"

मी मान हलवली.

तिने माझा हात नाकावरून ओढून काढला. तरी मी तोंड घट्ट मिटून ठेवलं. मग तिने दोन्ही हातांनी माझे खांदे धरले आणि मला गदागदा हलवलं. बोटं खांद्यांत रुतत होती. ती रडत होती, आणि तिचं रडणं मला नीट ऐकू येत होतं, आवंढ्यासकट.

"घे रे राजा," ताई म्हणाली. "माझं ऐक. घे श्वास."

मी श्वास घेतला, आणि माझ्या खांद्यांवर कोणाचेच हात नव्हते.